खुर्चीच्या डाव्या बाजूला

माझ्या आत्याच्या लग्नातल्या अंगठीवर एक पांढरा डाग होता. सोन्यावर चुन्याचं बोट उठावं तसा. लहानपणी मला वाटायचं, अंगठी खोटी असणार आणि घरात ते कुणी बोलून दाखवत नसणार. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं, ‘‘अगं, पारा लागलाय त्याला.’’ आत्या सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. १९६७ ते १९९८, म्हणजे ३१ वर्षं.

किडलेल्या दाढेत ‘चांदी भरणं’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अजून रुळलेला आहे. त्या चांदीत जवळजवळ निम्मा पारा असतो, हे मात्र ती भरून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. आत्याच्या काळात हे मिश्रण दवाखान्यातच तयार होई. चांदी आणि कथील यांची भुकटी पाऱ्याबरोबर छोट्या खलात घोटायची. लोण्यासारखा गोळा झाला, की पातळ कापडात किंवा मऊ चामड्याच्या तुकड्यात धरून जास्तीचा पारा पिळून काढायचा आणि उरलेला गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा. बोटाला रबरी टोपी घालावी, असं पुस्तकात सांगितलेलं असे. पण टोपी घातली की गोळा नेमका कधी ‘बसला’ ते कळत नाही, असं आत्याचं म्हणणं. पिळून निघालेला पारा टेबलावर घरंगळला तर पोस्टकार्डाच्या कडेने गोळा करून बाटलीत परत जाई, कारण तो महाग. पारा सोन्याला धरतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सोनाराने अंगठी तापवून पारा उडवून दिला, महिन्याभरात डाग परत हजर. (त्या सोनाराच्या नाकात काय गेलं असेल, याचा विचार तेव्हा कुणीच केला नाही.) शेवटी आत्या अंगठी देवापुढच्या डबीत ठेवून कामाला जाऊ लागली.

ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी आवरायचं काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला. कागद नसला की मला अस्वस्थ व्हायला होतं. पेटीत रेशनकार्ड होतं, बँकेचं पासबुक होतं, भिशीची वही होती. ३१ वर्षांच्या नोकरीचा मात्र एकही कागद नव्हता. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, अनुभवाचा दाखला नाही. रेशनकार्डावर व्यवसाय ‘घरकाम’. तेव्हा मनात आलं, की निदान कायद्याच्या पुस्तकांत तरी ही बाई कुठे सापडते का ते पाहावं. हा लेख त्या शोधाचा आहे.

दंतवैद्यक हा आपल्याकडे उशिरा आलेला व्यवसाय. दात दुखला तर लवंगेचं तेल, भुईरिंगणीच्या बियांची धुरी, आणि त्यानेही भागलं नाही तर वैदू. शिकलेला दंतवैद्य ही विसाव्या शतकातली गोष्ट. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ पासून उभं असलं, तरी दाताच्या डॉक्टरीचं शिक्षण घ्यायला पुण्याच्या मुलाला अनेक वर्षं मुंबईच गाठावी लागे. भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय १९८९ चं आहे. आत्याचे डॉक्टर असेच मुंबईहून शिकून आलेले. मुंबईत त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं, एक सोडून. दवाखान्यात बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसाला काय शिकवायचं, हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षाच्या आत, १९४८ मध्ये, दंतवैद्य कायदा झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद. त्याआधी बंगालने १९३९ मध्ये स्वतःपुरता कायदा केला होता. १९४८ चा कायदा व्यवहारी होता. पदवीधर दंतवैद्यांना नोंदवहीच्या ‘अ’ भागात जागा दिली. आणि पदवी नसलेले, पण त्याआधी निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे जे होते, त्यांनाही एकदम रस्त्यावर न आणता ‘ब’ भागात घेतलं. वडिलांकडून किंवा उस्तादाकडून शिकलेले अनेक जण त्यामुळे कायदेशीर झाले. पुढची पिढी मात्र पदवीधरच हवी, असा तो समझोता होता.

हा कायदा दवाखान्यात तीन माणसं पाहतो. एक दंतवैद्य. दुसरा ‘डेंटल मेकॅनिक’, म्हणजे कवळ्या करणारा कारागीर. तिसरी ‘डेंटल हायजीनिस्ट’, म्हणजे दात स्वच्छ करणारी आणि ते कसे राखावेत हे शिकवणारी व्यक्ती. ही तिसरी कल्पना अमेरिकेतली. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्याच दवाखान्यातल्या आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं, तिथून ती जगभर गेली. पुण्यातल्या पेठांत हायजीनिस्ट मी तरी आजवर पाहिलेली नाही. मेकॅनिक भरपूर पाहिले. वाड्याच्या मागच्या अंगाला दहा बाय दहाची खोली, प्लास्टरची धूळ, रबर शिजवायचा पितळी बंब आणि नंतर अॅक्रिलिकच्या द्रवाचा डोक्यात जाणारा वास. त्यांची कहाणी स्वतंत्र लिहिण्याजोगी आहे. पण निदान त्यांचं नाव कायद्यात आहे. चिमटे धुणारी, सुया उकळणारी, मिश्रण मळणारी, मुलाचं डोकं धरणारी बाई त्या कायद्यात नाही.

आता ही बाई दवाखान्यात आली कुठून? मला वाटायचं, की धुण्या-पुसण्याला ठेवलेली बाई हळूहळू वर सरकली असेल. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तसं झालंही आहे. पण मूळ गोष्ट वेगळी आहे. न्यू ऑर्लीन्सचे डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये दवाखान्यात एक स्त्री मदतनीस नेमली. त्या काळी अमेरिकेतही बाईमाणसाने एकटीने परपुरुषापुढे खुर्चीत आडवं पडून तोंड उघडणं प्रशस्त मानलं जात नसे. सोबत नवरा किंवा नात्यातलं कुणी लागे. आत एक बाई आहे हे कळलं, की स्त्रिया एकट्या येऊ लागत. म्हणजे मदतनीस आली ती आधी कामासाठी नाही, विश्वासासाठी आली. हे वाचलं तेव्हा मला आत्या आठवली. ‘‘अर्ध्या बायका मला बघून खुर्चीत बसायच्या,’’ असं ती म्हणायची. केल्सचं नाव तिने ऐकलं असण्याचं काही कारण नव्हतं.

नंतर यंत्राने तिला पक्कं केलं. पूर्वी दात कोरायचं यंत्र पायाने चालत असे, शिवणयंत्रासारखं. त्याचं पेटंट अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसन यांनी १८७१ मध्ये घेतलं. नंतर विजेवर चालणारं आणि दोरीवर फिरणारं यंत्र आलं. १९५७ मध्ये डॉ. जॉन बोर्डन यांचं हवेच्या झोतावर चालणारं ‘एअरोटर’ बाजारात आलं आणि सगळा नूर पालटला. मिनिटाला अडीच-तीन लाख फेरे. आपल्याकडचे डॉक्टर आजही त्या यंत्राला एअरोटरच म्हणतात. इतक्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा लागतो. फवाऱ्याने तोंड भरतं, म्हणून ते पाणी ओढून घ्यायला नळी लागते. आणि डॉक्टरचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून नळी धरायला तिसरा आणि गाल बाजूला ओढायला चौथा हात लागतो. खुर्ची आडवी झाली, उभा राहणारा डॉक्टर स्टुलावर बसला, आणि त्याच्या समोर, रुग्णाच्या डाव्या बाजूला मदतनिसाची जागा ठरून गेली. आत्याच्या दवाखान्यात एअरोटर १९७२ च्या सुमाराला आलं. त्याचा कंप्रेसर जिन्याखाली ठेवला होता आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप त्याने मोडते, यावरून वर्षभर अबोला होता. दुपारची झोप हा पुण्यात गंभीर विषय.

त्या दुपारीचंच सांगते. दवाखाना सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी साडेचार ते साडेआठ. वेळापत्रकात हे साडेसात तास दिसतात. आत्या दत्तवाडीत राहायची, चालत यायची. मधल्या साडेतीन तासांत दोनदा चालण्याऐवजी ती दवाखान्यातच थांबे आणि थांबलीच आहे तर हत्यारं घासून, उकळून, पुसून ठेवी. त्या वेळेचे पैसे नव्हते. डॉक्टरांनी ते कधी मागून घेतलेलं काम नव्हतं आणि तिने ते कधी मोजलंही नाही. असं काम हिशेबात येत नाही. शहरातल्या हजारो लहान दवाखान्यांचा कारभार मात्र त्याच्यावर चालला.

उपचाराचा दर्जा म्हणजे काय, हे मला आत्याच्या एका हिशेबाने जेवढं कळलं तेवढं कुठल्या अहवालाने कळलं नाही. दवाखान्यात तपासणीच्या आरशाचे आणि सळ्यांचे संच सुरुवातीला चार. एक संच घासायला पाच मिनिटं, उकळायला वीस, गार व्हायला पाच. म्हणजे तासाला कितीही हातपाय मारले, तरी आठपेक्षा जास्त रुग्णांना उकळलेली हत्यारं मिळणं शक्य नाही. बाहेर बाकावर बारा जण बसलेले. मग उकळायची वीस मिनिटं दहावर येणार की बाकावरच्या चौघांना उद्या या म्हणणार? हा निर्णय खरं तर डॉक्टरचा. पण तो प्रत्यक्षात घेत होती, डब्याचं झाकण उघडणारी बाई. आत्या म्हणायची, की ती वीस मिनिटं होऊ देई आणि डॉक्टर चिडले तर बोलणी खाई. मी तिच्यावर विश्वास ठेवते; पण ती माझी आत्या आहे, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे डॉक्टरांनी आणखी आठ संच घेतले आणि तो प्रश्न मिटला. दर्जा असा वाढतो.

उकळून सगळंच मरत नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. काही जिवाणूंचे बीजाणू शंभर अंशांना दाद देत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह परवडत नव्हता, तेव्हा कितीतरी डॉक्टरांनी घरातल्या प्रेशर कुकरची वाट धरली. कुकर तरी काय करतो? १५ पौंड दाबाची वाफ तीच. या दवाखान्यातही एक कुकर आला, आणि शिट्टी ऐकून बाकावरची माणसं ‘आज काय बेत?’ असं विचारत, ही आत्याची आवडती गोष्ट.

१९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण आढळले. चारच वर्षांनी फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याकडून रुग्णाला संसर्ग झाल्याची बातमी जगभर पसरली. १९९२ मध्ये तर राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाच पुण्यात, भोसरीला, स्थापन झाली. काचेच्या सिरिंज गेल्या, एकदाच वापरायच्या सुया आल्या, हातमोजे आले. हातमोजेही सुरुवातीला एकदाच वापरायचे नव्हते; आत्या ते धुऊन, टाल्कम पावडर लावून मागच्या गॅलरीत दोरीवर वाळत घाली. डॉक्टरांना मोजे आले त्या वर्षी तिला आले नाहीत. खरं तर सुई टोचायची शक्यता तिलाच जास्त. डॉक्टर सुई एका जागी, दिसणाऱ्या हिरडीत घालतो; ती मात्र ट्रेमधल्या कापसाच्या बोळ्यांखाली दडलेली सुई हाताने शोधत असते. तिला किती वेळा टोचली असेल, असं मी विचारलं होतं. ‘‘मोजायची असतात का?’’ म्हणाली.

एक्स-रेचंही तसंच. फिल्मचा तुकडा तोंडात धरायला पेशंटचं बोट वापरायचं असतं; लहान मूल असेल तर ते आईने धरायचं. आई घाबरली तर आत्या धरी. इथे पुन्हा केल्स आठवतात. दातांच्या एक्स-रेचे ते आद्य प्रवर्तक. स्वतःच्या हातात फिल्म धरून त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली, त्यात बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मदतनीस हा व्यवसाय ज्याने सुरू केला त्याच्याच हातावर हे संकट यावं, याला मी योगायोगच म्हणेन, जास्त अर्थ चिकटवणार नाही.

डॉक्टरांविषयी मी कडवटपणे लिहिते आहे असं वाटू नये. ते सज्जन गृहस्थ होते. दिवसाचे आठ तास वाकून त्यांची पाठ गेली. खुर्चीचं कर्ज त्यांनी दहा वर्षं फेडलं. आत्याच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च त्यांनी न मागता दिला. दरवर्षी दिवाळीला साडी आणि एक पगार. पण हे सगळं त्यांच्या सज्जनपणावर अवलंबून होतं. शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यातल्या बाईच्या नशिबी तेवढा सज्जनपणा नव्हता, आणि दोघींच्या बाबतीत कायदा सारखाच गप्प होता.

तो गप्प कसा राहिला, हे शोधताना मला एक गंमत सापडली. गंमत म्हणायची तर. दुकाने आणि आस्थापनांचा मुंबई कायदा १९४८ चाच. कामाचे तास, सुटी, रजा यांची तरतूद त्यात. डॉक्टरचा दवाखाना ही ‘व्यापारी आस्थापना’ आहे का, हा प्रश्न डॉ. देवेंद्र सुर्ती विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९६८ मध्ये निकाल लागला: नाही. डॉक्टरी हा स्वतःच्या बुद्धीवर आणि कौशल्यावर चालणारा पेशा आहे, व्यापार नव्हे. पेशाचा मान राखणारा निकाल, यात शंका नाही. पण दवाखान्यात दोन माणसं होती. एकीचं काम व्यापारात मोडत नाही आणि पेशातही मोडत नाही, मग ते मोडतं कशात? महाराष्ट्राने १९७७ च्या दुरुस्तीने डॉक्टर-वकिलांच्या आस्थापना कायद्याखाली आणायचा प्रयत्न केला, त्यावरही कोर्टात वाद झाले. आणि गंमतीची दुसरी बाजू अशी, की १९९५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असं ठरवलं. रुग्ण ग्राहक झाला. बाई होती तिथेच राहिली.

बाकीचे कायदे माणसं मोजतात. भविष्यनिर्वाह निधीला २० माणसं लागतात. ग्रॅच्युइटीला १०. प्रसूतीच्या रजेला दुकान-आस्थापनांत १०. दुकानांचा नवा कायदा २०१७ मध्ये आला, त्यातल्या बहुतेक तरतुदींना २०२५ पर्यंत पुन्हा १०. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अंतर्गत समितीसाठी १०. त्याहून कमी असतील तर बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. दातांच्या दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक-दोन बाया. प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडे. यात कुणाचा कट नाही. कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गिरणी होती, कारखाना होता, मोठं ऑफिस होतं. पडद्याआडची एक खुर्ची नव्हती, इतकंच.

मग ती पहिल्यांदा कुठे सापडली? कचऱ्यात. शब्दशः. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, पण महिन्याला १००० पेक्षा कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना परवान्याची गरज नव्हती; पुन्हा उंबरठा. २०१६ च्या नव्या नियमांनी ती सूट काढली. पिवळ्या, लाल पिशव्या, सुयांचा डबा, आणि त्यातच एक कलम: कचरा हाताळणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्ध लस द्यावी, प्रशिक्षण द्यावं, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करावी. मी ते कलम दोनदा वाचलं. माणसं मोजलेली नव्हती. एक असली तरी चालत होती. आत्या तोवर नव्हती.

पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. चांदी भरणं आता तसंही कमी झालंय, दाताच्या रंगाचं मिश्रण आलंय. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, तो १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. खासगी महाविद्यालयांच्या लाटेनंतर देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं झाली आणि कोथरूडपासून वाघोलीपर्यंत प्रत्येक चौकात दाताची पाटी दिसते. नवे पदवीधर स्वतःच दुसऱ्याच्या दवाखान्यात ‘असोसिएट’ म्हणून थोड्या पगारावर राबतात. परवा अशाच एका तरुण डॉक्टर मुलीने मला सांगितलं, की तिच्यात आणि मदतनीस मुलीत फरक एवढाच, की पाटीवर निदान तिचं नाव आहे. तेही बारीक अक्षरांत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अक्कलदाढेसाठी हडपसरला एका दवाखान्यात गेले होते. डाव्या बाजूला विशीतली एक मुलगी उभी होती. मास्क, निळे हातमोजे, सगळं व्यवस्थित. डॉक्टर फोनवर बाहेर गेले तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘बाळा, तुला हेपटायटिस बीची लस दिली आहे का गं?’’ ही लस तयार करणारी सीरम इन्स्टिट्यूट तिथून हाकेच्या अंतरावर. मुलीने आधी दाराकडे पाहिलं.

‘‘दोन झालेत, मॅडम. आधीच्या दवाखान्यात.’’

‘‘आणि तिसरा?’’ तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो.

‘‘तिसऱ्याच्या आधी ती नोकरी सुटली. इथे सांगितलं नाहीये अजून.’’ मग सक्शनची नळी हातात घेत म्हणाली, ‘‘डॉक्टर आले. तोंड उघडा.’’